तस्लेमचा होकार

वाळवंटातल्या वाद लब्याद गावाच्या बाजारात कुसकुस, म्हणजे पिठाचे वाफवायचे बारीक कण, वळणाऱ्या बायका मशिदीच्या मागच्या भिंतीला बसतात. सकाळी भिंतीची सावली लांब असते तेव्हा वीस-बावीस जणी असतात. ऊन चढतं तशी सावली आखडते आणि बायका भिंतीकडे सरकत जातात. दुपारच्या नमाजाच्या सुमाराला भिंतीला पाठ लावून जेमतेम सात-आठ जणी उरतात. तस्लेम मिन्त मसूद, म्हणजे मसूदची मुलगी तस्लेम, ही त्या शेवटच्या सात-आठांतली.

समोर लाकडी काठवट, काठवटीत बाजरीचं पीठ. पाण्याचा शिपका मारायचा, तळहात पसरून पीठ गोल गोल फिरवायचं, कण धरायला लागले की चाळायचं आणि चाळणीवर राहिलेलं पुन्हा फिरवायचं. तस्लेमचा दाणा इतका सारखा पडायचा की लग्नघरचे लोक तिचंच नाव घेऊन यायचे. पण गावात तिचं नाव होतं ते हातापेक्षा डोक्यासाठी. एकदा कानावर पडलेलं ती विसरत नसे. विहिरीवरून दोन घरांत जुंपली, की ती विहीर कोणत्या उन्हाळ्यात खणली आणि त्या दिवशी दोराला कोण कोण होतं हे विचारायला माणूस भिंतीपाशी यायचा. ती हात न थांबवता सांगायची आणि भांडण बहुधा तिथंच मिटायचं. वाचता मात्र तिला एक अक्षर येत नव्हतं.

तिची आई शेख बाबानांच्या घराण्यात, त्यांच्या मालकीची म्हणूनच जन्मली होती. तस्लेमही तशीच. तिच्या ओळखपत्रावर जन्मतारीख एकतीस डिसेंबर १९६१ आहे, पण ती सरकारने दिलेली. आमच्याकडे अर्ध्या गावाचा जन्म एकतीस डिसेंबरचाच. गुलामगिरी कायद्याने बंद झाली तेव्हा ती वीस वर्षांची होती. बंद झाली म्हणजे काय, तर एक दिवस हाकिमाच्या कचेरीतला माणूस येऊन तसं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्या कुणीतरी सोडायच्या होत्याच, म्हणून तिनेच त्या सोडल्या.

लहानपणी तिचं काम तंबूबाहेर बसून कातडी पिशवीत ताक घुसळायचं. आत शेखांच्या घरातली मुलं लाकडी पाट्या मांडीवर घेऊन तालेब हबीबांकडे कुराण शिकायची. एके दिवशी एक मुलगा मध्येच अडला. तालेब वाट बघत होते, मुलगा छताकडे बघत होता, आणि बाहेरून, पिशवी हलवता हलवता, तस्लेमने पुढचे शब्द म्हणून टाकले. तालेबांनी तंबूची कड उचलून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला हाकललं नाही आणि आतही बोलावलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलांना ताक घुसळायच्या बाजूला बसवलं आणि आवाज थोडा चढवला. एवढंच. तस्लेम त्यांना आयुष्यभर गुरू मानत आली.

पुढे लग्न झालं, मोडलं, दुसरं झालं, तेही मोडलं. मूल राहिलं नाही. आई गेल्यावर ती आणि धाकटा भाऊ बिलखेर शेखांच्या वस्तीपासून जरा लांब, वाळवंटी ओढ्याच्या काठी वेगळं घर करून राहिले. बिलखेर शेखांच्या बंधाऱ्यामागच्या गाळात ज्वारी आणि चवळी पेरायचा. जमीन शेखांची, घाम त्याचा, पिकाचे वाटे ठरलेले. तस्लेम भिंतीला बसू लागली.

ज्या उन्हाळ्यामुळे तिची गोष्ट सांगायची ते वर्ष २००६. आदल्या ऑगस्टात सैन्याने वीस-एकवीस वर्षं खुर्ची न सोडलेल्या राष्ट्राध्यक्षाला बाजूला केलं होतं, आणि सैन्याचे लोक म्हणत होते की आता पुन्हा कुणी असं बसू नये म्हणून नियमच करू, आणि तो नियम लोकांना विचारून करू. पंचवीस जूनला देशभर सार्वमत ठरलं. रेडिओ दिवसभर तेच बोलत होता. पण रेडिओची अरबी शुक्रवारच्या कपड्यातली. भिंतीला बसणाऱ्या बायकांना त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं.

तेव्हा गावच्या शाळेत अमादू सो नावाचे मास्तर होते. नदीकाठचे, पुलार भाषा बोलणारे. आमची बोलीतली अरबी, हस्सानिया, त्यांना चांगली यायची, पण घशातले उच्चार त्यांच्या जिभेवर सपाट व्हायचे आणि बाजारातली पोरंसोरंसुद्धा त्यांची नक्कल करायची. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मे महिन्यात ते सरकारी पत्रक घेऊन भिंतीपाशी आले, एका उलट्या डब्यावर बसले आणि बायकांना कलमं सोपी करून सांगू लागले. राष्ट्राध्यक्षाची मुदत पाच वर्षांची. नंतर एकदाच पुन्हा उभं राहता येईल. पंच्याहत्तरी उलटलेल्याने उभं राहायचं नाही. पदावर असताना कुठल्या पक्षाचा पुढारी व्हायचं नाही.

एम्बेरिका ही तस्लेमच्या शेजारी बसायची. जिभेला हाड नसलेली बाई. तिने विचारलं, "म्हणजे दोनदा बसायचं आणि मग घरी?"

"हो, मग घरी."

"आणि बायकोने घरात घेतलं नाही तर?"

बायका हसून लोटपोट झाल्या. मास्तर पत्रक उलटंपालटं करून गंभीरपणे म्हणाले, "त्याची तरतूद दिसत नाही."

तस्लेम हसली नव्हती. तिने विचारलं की हा नियम त्या माणसानेच बदलला तर काय. मास्तरांनी सांगितलं, त्यासाठीच शपथ ठेवली आहे. पदावर बसताना त्याने देवाची शपथ घेऊन म्हणायचं, की ही मुदत आणि हा दोनदाचा नियम बदलेल असं काही मी करणार नाही, आणि दुसरं कुणी करत असेल तर त्यालाही, समोरून किंवा आडून, हातभार लावणार नाही.

"शपथ राजधानीत घेणार?"

"तिथंच."

"मग आम्हाला ती पाठ नसेल, तर त्याने मोडली हे आम्हाला कळणार कसं?"

मास्तर पुढे कित्येक वर्षं हे वाक्य सांगायचे.  तस्लेमने त्यांना सगळं मुळात आहे तसं वाचायला सांगितलं, सोपं करून नको. त्यांनी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने हात न थांबवता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. मास्तर ओळीवर बोट ठेवून ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी तिला थांबवलं, हा शब्द मी वाचला नव्हता म्हणाले. ती म्हणाली, पहिल्या वेळी वाचला होता, पुढच्या दोन वेळी गाळला. मास्तरांनी कागद पाहिला. शब्द तिथं होता.

त्या दिवसापासून मास्तर तिला तस्लेमबाई म्हणू लागले, आणि भिंतीपाशी बाजरीच्या पिठासोबत कलमंही फिरू लागली. तस्लेमने लांबलचक वाक्यांचे तुकडे पाडले. हाताचा एक फेरा, एक तुकडा. शिपका मारताना श्वास घ्यायचा. एम्बेरिका मुद्दाम चुकायची. "समोरून किंवा आडून" च्या पुढे "किंवा सासऱ्याकडून" जोडायची आणि सगळ्यांना हसवायची. पण तस्लेमने एकदा तिच्याकडे पाहिलं की ती सरळ म्हणायची. जूनच्या सुरुवातीपर्यंत पंधरा-सोळा जणींना शपथ पाठ झाली होती. ज्यांनी आयुष्यात सहीच्या जागी अंगठाच लावला होता, त्या बायका.

मतदानाला दहा दिवस राहिले असताना शेखांचा पुतण्या लेमराबत गाडी घेऊन आला. सोबत कातडी बटवा होता. हा बटवा गावाला ओळखीचा. दर मतदानाआधी तो घरोघर फिरायचा आणि शेखांच्या लोकांची ओळखपत्रं त्यात जमा व्हायची. मतदानाच्या दिवशी रांगेत कार्ड परत मिळायचं, सोबत मताच्या पाकिटात कोणता कागद घालायचा तोही मिळायचा. यात कुणाला वावगं वाटत नसे. कार्ड सांभाळून ठेवतात, उन्हात ने-आण करतात, उपकारच की, असं म्हातारी माणसं म्हणायची.

भिंतीपाशी बायकांनी कमरेच्या गाठी सोडल्या आणि कार्डं बटव्यात पडू लागली. तस्लेमच्या पुढ्यात बटवा आला तेव्हा तिने हात पिठातून काढलाच नाही.

लेमराबत तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिने त्याला कडेवर खेळवला होता. तो हसून म्हणाला, "तस्लेम, कार्ड दे गं. मला अजून चार वस्त्या करायच्या आहेत."

"माझ्याजवळच असू दे."

"अगं, वेड लागलंय का? या वेळी भांडण कशाचं आहे? शेख 'हो' म्हणतायत. मीही 'हो' म्हणतोय. आणि तू तर गेला महिनाभर सगळ्या बाजाराला 'हो' पढवते आहेस."

"तेच ना," ती म्हणाली. "वरच्या माणसाने दर पाच वर्षांनी आम्हाला येऊन विचारलं पाहिजे, असा कागद आहे हा. आणि तो मी तुझ्या बटव्यातून पाठवू?"

 बटवा पुढे गेला. तस्लेमच्या पलीकडे चार बायका होत्या. त्यांतल्या दोघींनी कार्ड दिलं, दोघींनी घरी राहिलंय म्हणून सांगितलं. एम्बेरिकाने आपलं आधीच दिलं होतं. ती उठली, लेमराबतच्या मागे चालत गेली, "माझ्या कार्डावर माझा फोटो फार वाईट आलाय, जरा बघू" म्हणत बटव्यातून ते काढून घेतलं आणि परत येऊन बसली.

शेखांनी तस्लेमला चहाला बोलावलं. शेख बाबाना वाईट माणूस नव्हते. दुष्काळात त्यांनी स्वतःच्या उंटिणींचं दूध लेकरांना वाटलेलं तिला आठवत होतं. तिला सगळंच आठवायचं. ती अंगाभोवतीचा मेलहफा नीट आवळून गेली, खाली बसली, रीतीचे तिन्ही प्याले प्यायली. शेखांनी तिच्या आईची आठवण काढली. मग त्यांनी विचारलं, मी तुझ्या घराला कधी काही नाकारलं का? ती नाही म्हणाली. मग आज काय मागतेस, शेखांनी विचारलं.

"मी काही मागत नाहीये, शेख," ती म्हणाली. "नुसतं देत नाहीये."

म्हाताऱ्याने मान हलवली. राग होता की आणखी काही, ते तिला कळलं नाही. निघताना तिने आमच्या रीतीप्रमाणे त्यांच्या डोक्याला हात लावून नेहमीसारखा निरोप घेतला आणि कार्ड घेऊन घरी आली.

पण घरी बिलखेर दारातच उभा होता. लेमराबतने त्याला वाटेत गाठलं होतं. पाऊस महिन्यावर आलाय, बंधाऱ्यामागचा तुकडा या वर्षी कुणाला द्यायचा ते अजून ठरलेलं नाही, एवढंच तो म्हणाला होता. बिलखेरला बायको आणि चार लेकरं. त्याने बहिणीला समजावलं, मग हातापाया पडला, मग संतापला. "त्यांना 'हो' हवंय, तुलाही 'हो' हवंय. मग माझी जमीन कशाला घालवतेस, ताई? शब्द तोच आहे ना?"

तस्लेमजवळ याचं उत्तर होतं, पण भावाच्या लेकरांकडे बघून ते तोंडातून निघेना. ती रात्र तिने कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. सकाळी तिने भावाला सांगितलं, की जमीन गेली तर तुझ्या घरचं पीठ मी वळीन, पण कार्ड जाणार नाही. बिलखेर तिच्याशी बोलायचा थांबला.

पंचवीस जूनला सकाळी सातलाच हवा तापली होती. शाळेच्या आवारात दोन रांगा लागल्या. लेमराबत फाटकापाशी बटवा घेऊन कार्डं वाटत होता. तस्लेमसोबत अकरा बायका होत्या. घरात राहिलंय म्हणणाऱ्या त्या दोघी, एम्बेरिका, आणि बाकीच्या अशा, की ज्यांनी आदल्या आठवड्यात एकेकट्या जाऊन काहीतरी निमित्त सांगून आपलं कार्ड बटव्यातून परत आणलं होतं. एकीने नवऱ्याचा दवाखाना सांगितला होता, एकीने मुलीचा दाखला. कुणीच भांडलं नव्हतं. फाटकातून त्या लेमराबतच्या समोरून गेल्या. तो दुसरीकडे बघत राहिला.

केंद्रावरचा अधिकारी बाहेरगावचा, घामाने निथळलेला. त्याने यादीत नाव शोधलं, तिला दोन कागद आणि पाकीट दिलं आणि पडद्यामागे जायला सांगितलं. मास्तरांनी बायकांना 'हो'चा आणि 'नाही'चा आकार वाळूत बोटाने काढून शिकवला होता. पडद्यामागे तस्लेमने दोन्ही कागद पाहिले आणि ती तिथंच उभी राहिली. वेळ जाऊ लागला. बाहेरून अधिकाऱ्याने विचारलं, बाई, काही अडलंय का? ती नाही म्हणाली आणि तशीच उभी राहिली. रांगेतून कुजबुज झाली. शेवटी ती पाकीट घेऊन बाहेर आली, पेटीत टाकलं, बोट शाईत बुडवलं.

एम्बेरिकाने नंतर तिला छेडलं, महिनाभर पाठ केलेलं ऐन वेळी विसरलीस की काय. तस्लेम म्हणाली, "विसरले नाही गं. आजवर 'नाही' कधी हातात आलं नव्हतं. ते जरा धरून बघत होते."

तिने 'हो' टाकलं होतं. देशभर जवळजवळ सगळ्यांनीच 'हो' टाकलं. वाद लब्यादमध्येही तेच. त्या बारा जणींमुळे आकड्यात काही फरक पडला नाही, आणि हे तिला आधीपासून माहीत होतं.

जुलैत पाऊस आला, ऑगस्टात बंधारा भरला, आणि पाणी ओसरल्यावर बिलखेरचा तुकडा दुसऱ्याला मिळाला. बिलखेर राजधानीला गेला आणि बंदरात पोती उचलू लागला. त्याची बायको-मुलं मागे राहिली. तस्लेमने शब्द पाळला. आधी ती दुपारपर्यंत बसायची, आता दुपारनंतर घरीही उखळात बाजरी कांडायची आणि दुसरी काठवट वळायची. तिच्या तळहाताची कातडी फाटली, तिने ती शेळीच्या चरबीने मऊ केली आणि काम चालू ठेवलं. भावाचा निरोप यायचा तो बायकोला. बहिणीचं नाव त्यात नसायचं.

आणि मग २००८ सालच्या ऑगस्टात सैन्याने पुन्हा राष्ट्राध्यक्षाला उचललं. नव्या नियमाने निवडून आलेला पहिलाच माणूस. बाजारात बातमी आली तेव्हा खाटकाने भिंतीकडे बघून हाक मारली, "तस्लेम, तुझी पाच वर्षं सव्वा वर्षातच सरली की गं." लोक हसले. काही बायकाही हसल्या.

ते काही आठवडे तिच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट होते, असं एम्बेरिका सांगते. ती वळत राहायची पण कलमं म्हणायची नाही. बाकीच्यांनीही म्हणणं सोडलं. भावाची जमीन गेली होती, भाऊ बोलत नव्हता, आणि कशासाठी, तर ज्या कागदासाठी हे केलं त्यावर कुणीतरी बूट ठेवून पलीकडे गेलं होतं. मास्तर येऊन नुसते बसायचे. 

रमजानात एके सकाळी नव्याने बसायला लागलेल्या एका मुलीने तिला विचारलं, तुम्ही ते काय म्हणायचात, ते मला शिकवाल का. एम्बेरिका म्हणाली, आता कशाला, ते मेलं. तस्लेमने पीठ पसरलं. मग ती म्हणाली, "त्यांनी माणूस उचलला. कलम कुठं उचललंय?" आणि तिने मुलीला पहिला तुकडा दिला. हाताचा एक फेरा, एक तुकडा.

बटवा त्यानंतरच्या मतदानांना दोनदा आला. पहिल्यांदा अर्धा भरला. दुसऱ्यांदा लेमराबतने तो गाडीतच ठेवला आणि दारोदार जाऊन, चपला काढून, लोकांना 'काय म्हणता' असं विचारलं. शेख बाबाना तोवर वारले होते. त्यांच्या मयतीला तस्लेमने तीन दिवस सगळ्या पाहुण्यांचं कुसकुस एकटीने वळलं, कुणी सांगितलं नसताना.

बिलखेर चौथ्या वर्षी थोरल्या मुलीच्या लग्नाला परत आला. मांडवात तो बहिणीच्या शेजारी येऊन बसला.  मग त्याने तिच्यापुढे चहाचा प्याला सरकवला आणि म्हणाला, "तिकडे मीही मत दिलं, ताई. कार्ड माझ्याच खिशात होतं." ती म्हणाली, "चहा गार होतोय, पी." त्यापुढे त्या दोघांत हा विषय निघाला नाही.

२०१९ च्या जानेवारीत, थंडीत, राजधानीहून एक खासदार आला. २००९ साली पुन्हा झालेल्या निवडणुकीत आलेल्या राष्ट्राध्यक्षाची दुसरी मुदत संपत आली होती, आणि काही लोक देशभर सांगत फिरत होते की नियम बदलू, यांनाच पुढेही राहू द्या. लेमराबत आता नगराध्यक्ष होता. त्याने तंबू घातला, बकरं भाजलं. जेवणं झाल्यावर खासदाराने पाठिंब्याचा कागद काढला आणि म्हणाला की गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईच्या अंगठ्याने सुरुवात करू. सगळ्यांची नजर तस्लेमकडे गेली. लेमराबत तिच्यापाशी वाकला. "तुम्ही पुढे व्हाल का?" त्याने विचारलं. तो तिला 'तुम्ही' म्हणू लागला होता, केव्हापासून ते त्यालाही सांगता आलं नसतं.

ती पुढे झाली. कागदाकडे तिने पाहिलं नाही. खासदाराला तिने विचारलं, की राष्ट्राध्यक्षांनी बसताना शपथ घेतली होती ती तुम्हाला येते का. खासदार हसून म्हणाला, आई, ती राजधानीत लिहून ठेवलेली आहे, इथं कुणाकडे असणार. तेव्हा तिने ती म्हटली. मोठ्याने नाही, भिंतीपाशी म्हणायची तशी, तुकड्या तुकड्याने. तंबूत मागे बसलेल्या काही बायकांचे हात मांडीवर आपोआप गोल फिरू लागले.

खासदार शपथ संपेपर्यंत थांबला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, त्यांनी शपथ मोडलेली नाही. ते काहीच करत नाहीयेत. हे आम्ही करतोय."

"हातभार लावणार नाही, असंही म्हटलंय त्यांनी," ती म्हणाली. "समोरून नाही, आडूनही नाही. तुम्ही त्यांना विचारून आलात का? विचारून आला असाल तर त्यांची शपथ मोडली. न विचारता आला असाल तर आधी जाऊन विचारा. आम्ही इथंच आहोत."

ती जाऊन आपल्या जागी बसली. खासदाराने कागद दुसऱ्या कुणाकडे सरकवला. काहींनी अंगठे लावले, बऱ्याच जणांनी नाही. लेमराबत पाहुण्यांना चहा देण्यात गुंतला, आणि अंगठा लावायची त्याची पाळी काही आली नाही.

थोड्याच दिवसांत राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यातूनच जाहीर झालं की नियम बदलण्याचे हे सगळे प्रयत्न थांबवा. गावातल्या लोकांना वाटलं, तस्लेमनेच थांबवलं. काहींनी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली की राजधानीत वाद लब्याद कुठं आहे हेही कुणाला माहीत नाही, आणि उगाच काहीबाही बोलू नका. हे खरंच होतं. पण राष्ट्राध्यक्ष नियम पाळतो की नाही हे बघायला देशभर कितीतरी भिंतींपाशी माणसं बसली असतील, तशीच ही एक भिंत होती. इतकं श्रेय तिला द्यायला हरकत नाही.

त्या ऑगस्टात एका राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याच्या हाती कारभार दिला. औषधाच्या दुकानातल्या टीव्हीसमोर गर्दी झाली होती. तस्लेमला लग्नाचं काम होतं, ती उठली नाही. मास्तर सो, आता निवृत्त, काठी टेकत बातमी घेऊन आले.

"गेला?" तिने विचारलं.

"गेला."

"स्वतःच्या पायांनी?"

"स्वतःच्या पायांनी, तस्लेमबाई."

तिने शिपका मारला. एम्बेरिकाने विचारलं की आता तरी बायको त्याला घरात घेणार का, आणि दुपार हसण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा आले तेव्हा तस्लेमने त्यांना पुस्तक आणायला लावलं होतं, पूर्ण संविधान, नुसतं पत्रक नाही. तिला एक गोष्ट जाणून घ्यायची होती. माणूस मुदतीत गेला हे ठीक. पण दहा वर्षांत त्याने जे केलं, त्याचा जाब त्याला कोण विचारणार? मास्तरांनी चष्मा पुसला, पानं चाळली आणि कलम वाचलं. राष्ट्राध्यक्षाने पदावर असताना जे केलं त्याबद्दल त्याला जबाबदार धरता येणार नाही. फक्त त्याने देशाशी मोठा द्रोह केला असेल तर धरता येईल.

तस्लेमचा हात थांबला. तिचा हात थांबलेला बायकांनी फार क्वचित पाहिला होता.

"हे मला पटलं नाही," ती म्हणाली.

मास्तर म्हणाले की पटण्याचा प्रश्न नाही, लिहिलंय ते असं आहे.

"ते कळलं. पण न पटलेलंही नीट पाठ हवं, मास्तर. नाहीतर कोणता शब्द बदलायचा ते सांगणार कसं?" तिने मेलहफ्याचं टोक खांद्यावर सारखं केलं आणि पीठ पुन्हा पसरलं. "सावकाश वाचा. आणि या वेळी शब्द गाळू नका."

मास्तरांनी बोट ओळीवर ठेवलं आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.